सासूबाईंच्या कॅन्सरच्या गोळीने चेहराभर पुटकुळ्या आल्यात. फार्मसिस्टला विचारू की डॉक्टरांच्या तारखेपर्यंत थांबू?

मानेवाड्याची_सून
३ मार्च, रात्री १०:४०

नमस्कार. थोडं लांबेल, पण सगळं सांगितल्याशिवाय प्रश्न कळायचा नाही.

माझ्या सासूबाई ६१ वर्षांच्या आहेत. आयुष्यात तंबाखू नाही, विडी नाही. डिसेंबरात खोकला जाईना म्हणून तपासण्या केल्या तर फुफ्फुसाचा कॅन्सर निघाला. बायोप्सीच्या तुकड्यावर पुढची तपासणी झाली, त्यात ईजीएफआर नावाच्या जनुकात बदल सापडला, म्हणून सलाईनमधली केमो न देता डॉक्टरांनी रोज एक गोळी सुरू केली, एर्लोटिनिब १५० मिलिग्रॅम. आम्हाला वाटलं, सुटलो. केस जाणार नाहीत, ॲडमिट व्हायला नको, घरच्या घरी गोळी.

दहाव्या दिवशी नाकाच्या बाजूला आणि हनुवटीवर लाल पुटकुळ्या दिसल्या. आता गोळीला तीन आठवडे झालेत. कपाळ, छाती, पाठ, डोक्यातसुद्धा. फणी लागली की कळवळतात. त्यात दिवसातून चार-पाच वेळा पातळ शौचाला जावं लागतं. शेजारच्या एका बाईंनी तोंडावर विचारलं, "देवी आल्या का?" त्या दिवसापासून आईंनी भजनाला जाणं सोडलं. "हे तोंड घेऊन कुठं जाऊ बाप्पा?" एवढंच म्हणतात.

काल देवघर पुसत होते. हळदीकुंकवाच्या करंड्यामागे पेपरच्या कागदात गुंडाळलेल्या चार गोळ्या सापडल्या. विचारलं तर आधी गप्प राहिल्या, मग म्हणाल्या, "एक दिवस आड घेऊन राहिली मी. पोराला सांगू नको." मी अजून यांना सांगितलेलं नाही. काय करावं कळत नाही.

डॉक्टरांची तारीख १२ दिवसांनी आहे. फोन लावला तर ओपीडीच्या दिवशीच या असं सांगितलं. घराजवळच्या मेडिकलमधून मुरमांवरची ट्यूब आणली, ती लावल्यावर तर आग होऊन कातडी सोलायला लागली. फार्मसिस्टला असल्या गोष्टी विचारता येतात का? की ते फक्त औषध देतात?

आणखी एक. काटोलच्या मामांनी मृग बहाराची संत्री पाठवलीत, पेटी भरून. कुणीतरी म्हणालं, कॅन्सरच्या गोळीवर संत्रं चालत नाही. आईंना संत्र्यांचं फार वेड आहे. पेटी सध्या माझ्या खोलीत लपवून ठेवली आहे.


बेसा_रोड
३ मार्च, रात्री ११:१५

ताई, माझ्या बाबांना जेफिटिनिब होती, तीही अशीच गोळी, त्यांनाही असंच आलं होतं. पुरळ येणं चांगलं म्हणतात, गोळी लागू पडते आहे असं समजायचं. आम्ही कडुनिंबाच्या पाल्याच्या पाण्याने आंघोळ घालायचो आणि उष्णता कमी व्हावी म्हणून गुळवेलीचा काढा द्यायचो. फारच वाढलं तेव्हा आठवडाभर गोळी बंद ठेवली. पुरळ गेलं, गोळी सुरू केली की परत आलं. धीर धरा. आईंना नमस्कार सांगा.


खिडकीपलीकडची_फार्मसिस्ट
४ मार्च, सकाळी ६:५०

ताई, तुमची पोस्ट रात्री वाचली. ड्यूटीवर जायच्या आधी लिहिते आहे. मी नागपुरातच एका हॉस्पिटलच्या औषधांच्या खिडकीवर ११ वर्षं काम करते, त्यातली बरीचशी कॅन्सर विभागात गेली.

आधी त्या चार गोळ्यांबद्दल. आईंना रागावू नका, आणि तुमच्या यजमानांना सांगायचं तर आईंसमोर, त्यांच्या परवानगीने सांगा. माझ्या खिडकीवर महिन्याला तीस गोळ्या नेणारे लोक येतात. एकतिसाव्या दिवशी यायला हवे ते एकेचाळिसाव्या दिवशी येतात. रजिस्टरवर तारीख बघितली की मला कळतं. मी विचारते, "काका, मधल्या दहा गोळ्यांचं काय झालं?" कुणी पैशांसाठी आड दिवस घेतो, कुणी लग्नात जायचं म्हणून, कुणी तोंड आलं, भात गिळवेना म्हणून. डॉक्टरांना कुणीच सांगत नाही, कारण डॉक्टर रागावतील असं वाटतं. मग डॉक्टर स्कॅन बघतात, गाठ हलली नाही असं दिसतं, आणि गोळी निकामी झाली असं समजून पुढच्या औषधाचा विचार करतात. गोळी खरं तर अर्धीच पोटात गेलेली असते. या आजारात मला सगळ्यात भीती या न सांगितलेल्या गोळ्यांची वाटते.

आता पुरळ. ही ॲलर्जी नाही, देवी नाही, अंगातली उष्णताही नाही. ही गोळी ईजीएफआर नावाच्या प्रथिनाचं काम बंद पाडते, कारण कॅन्सरच्या पेशी त्याच्या जोरावर वाढतात. पण तेच प्रथिन आपल्या कातडीत, केसांच्या मुळाशी, नखांच्या कडेला आणि आतड्याच्या अस्तरातही असतं. म्हणून पुटकुळ्या आणि जुलाब एकाच वेळी येतात. साधारण पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात पुरळ उठतं, तिसऱ्या-चौथ्यापर्यंत वाढतं आणि नंतर बहुतेकांचं ओसरतं. तुम्ही आत्ता सगळ्यात वाईट आठवड्यात आहात, हे आईंना जरूर सांगा. ज्यांना पुरळ येतं त्यांच्यात गोळीचा गुण जास्त दिसतो हे बेसा रोडच्या दादांचं म्हणणं बरोबर आहे. पण म्हणून ते सोसत बसायचं असं नाही.

मुरमांची ट्यूब आजच बंद करा. या पुटकुळ्या मुरमांसारख्या दिसतात, पण मुरमं नाहीत. मुरमांच्या औषधाने, विशेषतः बेंझॉईल परॉक्साईडने, कातडी कोरडी पडते, आणि इथे कातडी आधीच कोरडी आहे. कोमट पाण्याने आंघोळ, साबण अगदी सौम्य, उटणं-बेसन-कडुनिंब काही नाही. अंग ओलसर असतानाच बिनवासाचं मॉइश्चरायझर, दिवसातून दोनदा. बाहेर पडताना एसपीएफ ३० किंवा त्यावरचं सनस्क्रीन आणि वरून सुती दुपट्टा. आपल्याकडे मार्चपासूनच ऊन भाजायला लागतं, आणि हे पुरळ उन्हाने भडकतं. अशा पुरळावर डॉक्टर बहुधा डॉक्सीसायक्लिन किंवा मिनोसायक्लिन हे अँटिबायोटिक आणि हलकं हायड्रोकॉर्टिझोनचं क्रीम देतात. ते प्रिस्क्रिप्शनवरच घ्यायचं. मेडिकलमध्ये काउंटरवर मिळणारी तीन-तीन औषधं मिसळलेली स्टेरॉईडची क्रीम चेहऱ्याला अजिबात लावू नका.

गुळवेलीचा काढा देऊ नका, दादा, हे तुमच्यासाठीही. गुळवेलीने यकृताला इजा झालेले रुग्ण डॉक्टरांनी नोंदवले आहेत, आणि एर्लोटिनिब यकृतातूनच पचतं. आधीच एक ओझं आहे, त्यावर दुसरं कशाला. स्वतःहून आठवडाभर बंद ठेवणंही नको. डॉक्टर कधी कधी मुद्दाम काही दिवस थांबवतात किंवा डोस कमी करतात, एर्लोटिनिबमध्ये ५०-५० मिलिग्रॅमने, पण ते मोजून-मापून असतं आणि पुन्हा सुरू करायची तारीख ठरलेली असते.

मला तुम्हाला विचारायचं आहे ते वेगळंच. आई गोळी कधी आणि कशासोबत घेतात? आणि ॲसिडिटीची गोळी चालू आहे का? एर्लोटिनिब रिकाम्या पोटीच घ्यायची असते, जेवणाआधी किमान एक तास किंवा जेवणानंतर दोन तासांनी. रिकाम्या पोटी त्यातलं साधारण ६० टक्के औषध रक्तात पोचतं. जेवणासोबत घेतली तर ते जवळपास १०० टक्क्यांपर्यंत जातं, म्हणजे पुरळ आणि जुलाबही त्याच हिशेबाने वाढणार. उलट ॲसिडिटीच्या गोळीने पोटातलं आम्ल कमी झालं की ही गोळी नीट विरघळत नाही. ओमेप्राझोलसोबत एर्लोटिनिबचं रक्तातलं प्रमाण ४६ टक्क्यांनी घटतं, हे औषधाच्या माहितीपत्रकातच छापलेलं आहे. पॅन्टोप्राझोल त्याच घराण्यातलं. आपल्याकडे प्रत्येक प्रिस्क्रिप्शनच्या डोक्यावर ते लिहिलेलं असतं, म्हणून विचारते.

तर १२ दिवस थांबू नका. घरात आईंच्या नावाने जेवढं औषध आहे तेवढं सगळं एका पिशवीत भरा. शुगर-बीपीच्या गोळ्या, काढा, चूर्ण, ट्यूब, बाम, कुणी दिलेलं टॉनिक, आणि ती कागदातली पुडीही. आई जिथून गोळी घेतात त्या हॉस्पिटलच्या फार्मसीत जा आणि म्हणा, "मला फार्मसिस्टशी बोलायचंय." तपासायची जागा माझी नाही, पण पिशवी बघायची जागा माझीच आहे. डॉक्टरांसमोर फाईल असते, पिशवी नसते. भंडाऱ्याच्या एका काकांच्या पिशवीतून मला टीबीच्या गोळ्या मिळाल्या होत्या. कॅन्सर कळायच्या आधी कुणीतरी टीबी समजून सुरू केलेल्या, आणि बंद करा असं कुणीच सांगितलं नव्हतं. त्यातलं रिफाम्पिसिन एर्लोटिनिबला शरीरात टिकूच देत नाही.

बाहेरच्या दुकानातून घेत असाल तर काउंटरवर जो मुलगा असेल तो फार्मसिस्ट असेलच असं नाही. रजिस्टर्ड फार्मसिस्ट कोण ते विचारा. रुग्णाला औषध समजावून सांगणं हे २०१५ च्या फार्मसी प्रॅक्टिस रेग्युलेशन्सप्रमाणे फार्मसिस्टचं कामच आहे, तुमच्यावरचा उपकार नाही.

संत्री लपवू नका हो! वर्ज्य आहे ते ग्रेपफ्रूट, आपलं पपनस, आणि मुरंब्यात घालतात ते कडवट आंबट संत्रं. त्यांच्यातली द्रव्यं औषध पचवणाऱ्या एन्झाइमला अडवतात, मग औषध रक्तात साचतं. नागपुरी संत्रं मँडरिनच्या जातीचं, त्यात ही अडचण येत नाही. तोंडात फोड असतील तेव्हा झोंबेल आणि जुलाब जोरात असतील त्या दिवशी नको, एवढंच.

एक गोष्ट मात्र थांबण्यासारखी नाही. नव्याने दम लागायला लागला, कोरडा खोकला वाढला, सोबत ताप आला, तर त्याच दिवशी, रात्र असली तरी, हॉस्पिटल गाठा आणि पुढची गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका. क्वचितच होतं, पण या गोळीने फुफ्फुसाला सूज येऊ शकते. डोळा लाल होऊन दुखला, उजेड सहन होईना, किंवा डोळे-लघवी पिवळी झाली तरी तसंच.


मानेवाड्याची_सून
८ मार्च, दुपारी ३:२०

ताई, तुमचे आभार कसे मानू कळत नाही. परवा गेलो होतो. कापडी पिशवी भरून नेली.

खिडकीवर गर्दी होती, पण तिथल्या फार्मसिस्ट मॅडमनी आम्हाला बाजूच्या दारातून आत घेतलं, आईंना खुर्ची दिली आणि पिशवी टेबलावर उलटी केली. एकेक वस्तू उचलून तीन ढीग केले. हे चालू, हे बंद, हे विचारून सांगते. आईंच्या पिशवीतून पॅन्टोप्राझोल-डॉम्पेरिडोनची पाकिटं निघाली, गल्लीतल्या डॉक्टरांनी दोन वर्षांपूर्वी दिलेली, रोज सकाळी न चुकता चालू. अश्वगंधाचं चूर्ण निघालं, ते नणंदेने आणलेलं, मला माहीतच नव्हतं. मॅडमनी विचारलं, "काकू, ही कॅन्सरची गोळी केव्हा घेता?" आई म्हणाल्या, "पोह्यांवर. एवढी जड गोळी उपाशीपोटी कशी घ्यायची?" मॅडमनी माझ्याकडे बघितलं. पाकिटावर इंग्रजीत लिहिलेलं होतं, आमच्यापैकी कुणी वाचलंच नव्हतं. तीन आठवडे मीच ती गोळी पोह्यांच्या बशीत ठेवून देत होते. या गोष्टीने फार वाईट वाटलं.

मग त्यांनी ती कागदाची पुडी उघडली. मला धडधडलं. त्या म्हणाल्या, "कोणत्या कोणत्या दिवशी घेतली नाही एवढंच सांगा काकू, मला हिशेब लावायचाय." बस. आईंनी बोटं मोजून सांगितलं. आणि मग आपणहून सांगितलं की सगळ्यात त्रास पुटकुळ्यांचा नाही, बसमध्ये शौचाला लागेल याचा होतो, म्हणून त्या भजनाला जात नाहीत. हे मलाही पहिल्यांदाच कळलं.

मॅडमनी तिथूनच डॉक्टरांना फोन केला आणि चार वाक्यांत सगळं सांगितलं. डॉक्टरांनी बाहेर न बसवता दहा मिनिटं बघितलं. पॅन्टोप्राझोल बंद, चूर्ण बंद. डॉक्सीसायक्लिन आणि चेहऱ्यासाठी हलकं क्रीम दिलं. डोस सध्या १५० च ठेवला, वेळ बरोबर करून आठ दिवसांनी बघू म्हणाले, नाही जमलं तर १००. गोळी आता रात्री साडेदहाला, जेवण साडेसातला. जुलाबासाठी लोपेरामाईड दिली आहे, पहिल्या पातळ शौचालाच घ्यायची, दिवसाची मर्यादा मॅडमनी पाकिटावर मराठीत मोठ्या अक्षरात लिहून दिली. ओआरएस, ताक-भात, केळं. सावजी आणि तर्री बंद, यावर आमच्या घरात थोडा विलाप झाला. आधीपेक्षा चार वेळा जास्त जावं लागलं, किंवा रक्त, ताप, लघवी कमी असं काही दिसलं तर फोन, तो नंबरही दिला.

भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहायला सांगितलंय, गोळी घेतली का आणि किती वेळा शौचाला गेल्या. आई लिहीत नाहीत, गोळी घेतली की तारखेवर कुंकवाचं बोट लावतात. आकडे मी लिहिते.

एक शंका. डॉक्सीसायक्लिन रात्री एर्लोटिनिबसोबतच देऊ का? म्हणजे एकदाच उठवायचं.


बुटीबोरी_एमआयडीसी
८ मार्च, संध्याकाळी ७:०५

हा धागा वाचून आमचंही विचारतो. माझ्या मिसेसला ब्लड कॅन्सर आहे, सीएमएल. दीड वर्ष झालं इमॅटिनिब ४०० चालू आहे. रिपोर्ट चांगले आहेत. पण सकाळी डोळ्यांखाली सूज असते आणि रात्री पिंडरीत गोळे येतात, किंचाळून उठते. इथे वाचलं म्हणून विचारतो, हीपण गोळी रिकाम्या पोटी घ्यायची का? आम्ही जेवणासोबत देतो. चुकलं का?


खिडकीपलीकडची_फार्मसिस्ट
८ मार्च, रात्री ९:३०

दादा, अजिबात चुकलं नाही, बदलू नका! इमॅटिनिब जेवणासोबत आणि मोठा पेला भरून पाण्यासोबतच घ्यायची, नाहीतर पोटात मळमळतं. एकाची वेळ दुसऱ्याने उचलायची नाही, ही माझी सगळ्यांना कळकळीची विनंती आहे. ओसिमर्टिनिब कधीही घेतली तरी चालते, लॅपॅटिनिब जेवणापासून एक तास लांब ठेवावी लागते, पाझोपॅनिब रिकाम्या पोटी. सगळ्या "कॅन्सरच्या गोळ्या" असल्या तरी प्रत्येकीचा स्वभाव निराळा.

डोळ्यांखालची सूज आणि पायातले गोळे दोन्ही इमॅटिनिबचे नेहमीचे त्रास आहेत. रोज सकाळी एकाच वेळी वजन करा आणि लिहा. थोड्याच दिवसांत वजन भराभर वाढलं, पाय सुजले किंवा दम लागला तर लगेच दाखवा, पाणी साठत असू शकतं. पायातल्या गोळ्यांसाठी झोपण्याआधी पिंडऱ्या ताणायचे व्यायाम करा, पाणी भरपूर प्या. पुढच्या रक्ततपासणीत पोटॅशियम, मॅग्नेशियम, कॅल्शियम बघायला डॉक्टरांना आठवण करा. दुखतं म्हणून दुकानातून पॅरासिटामॉलच्या पट्ट्या आणून रोज देऊ नका, इमॅटिनिबसोबत ते जपून द्यावं लागतं, आधी विचारा.

सूनबाई, तुमचं वाचून फार बरं वाटलं. पोह्यांचं मनाला लावून घेऊ नका. गोळी देताना समोर बसून वेळ सांगणं आमचं काम होतं, ते कुठेतरी राहिलं.

डॉक्सीसायक्लिन रात्री नको. ती घेऊन लगेच आडवं झालं की गोळी अन्ननलिकेत अडकून तिथे जखम होते. नाश्त्यानंतर, बसून, पेलाभर पाण्यासोबत द्या आणि अर्धा-पाऊण तास आडवं होऊ देऊ नका. दूध, दही, कॅल्शियमची गोळी, अँटासिड तिच्या दोन तास आगेमागे नको, ताक दुपारी द्या. तिच्यामुळे ऊन आणखी लागतं, तेव्हा सनस्क्रीनचा कंटाळा नको. ॲसिडिटी परत उसळली तर जुनं पाकीट उघडू नका, फोन करा. अँटासिडचं पातळ औषध काही तासांचं अंतर ठेवून देता येतं.

दीड-दोन महिन्यांनी हातापायाच्या नखांच्या कडा लाल होऊन दुखायला लागू शकतात, त्याची तयारी आत्ताच ठेवा. नखं सरळ कापा, कोपरे खोल घेऊ नका, भांडी घासताना सुती मोज्यांवर रबरी मोजे, चपला पुढून सैल. आणि गोळ्यांची पट्टी स्कूटीच्या डिक्कीत ठेवू नका. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे डिक्की म्हणजे भट्टी असते. घरातल्या सगळ्यात थंड खोलीत ठेवा, फ्रिजमध्ये नाही, तिथे ओल लागते.

बेसा रोडच्या दादा, तुमच्या बाबांना काढ्याच्या दिवसांत कधी कावीळ, उलट्या, खाज असं काही झालं होतं का? झालं असेल तर अजूनही नोंदवता येईल. १८००-१८०-३०२४ हा औषधांच्या दुष्परिणामांसाठीचा सरकारी टोल फ्री नंबर आहे, रुग्ण किंवा घरचे स्वतः कळवू शकतात, मराठीत फॉर्मही आहे.


मानेवाड्याची_सून
१७ मार्च, रात्री ११:००

आज दाखवून आलो. डोस १५० च राहिला. कपाळावरच्या पुटकुळ्या सुकल्यात, छातीवरच्या अजून आहेत. शौचाला दिवसातून दोनदा. नखांसाठी सैल चपला सीताबर्डीतून घेतल्या, आईंना रंग आवडला नाही, पण घालतात.

संत्र्यांची पेटी दुसऱ्याच दिवशी बाहेर काढली होती. अर्ध्याहून जास्त संपली. यांना सगळं सांगितलं, आईंनीच सांगितलं. गुरुवारी भजन आहे. बसने नाही, मी स्कूटीवर सोडणार आहे, दुपट्टा बांधून.